चौदा नंबर आणि तिसरी खोली

सिंगापूरला जाऊन आलेली माणसं कराडात दोन प्रकारची असतात. एक तिथली स्वच्छता सांगणारी आणि दुसरी तिथले दंड सांगणारी. मी या दोन्हींत बसत नाही. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं दहावीच्या बोर्डाचा मॉडरेटर होतो. म्हणजे इतरांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासून तपासणाऱ्यांच्या चुका काढायचा मला सरकारी परवाना होता. असा माणूस कुठे बघायला म्हणून जात नाही, तपासायला जातो.

तपासायचं कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी सुमन गेली. तेव्हापासून माझी मुलगी केतकी फोनवर एकच विषय काढायची, बाबा, इकडे राहायला या. ती आणि आमचे जावई शैलेशराव नऊ वर्षं सिंगापूरला आहेत. त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटचा करार मार्चअखेर संपत होता. मी जाणार असेन तर तीन खोल्यांचा तोच फ्लॅट पुढे चालू ठेवायचा, नसेन तर दोन खोल्यांचा बघायचा. मला तिथे राहण्यासाठी लागणाऱ्या सरकारी पासचे नियम, कागदपत्रं वगैरे शैलेशरावांनी पाहून ठेवली होती. "तीन आठवडे राहून बघा आणि मग सांगा," केतकी म्हणाली. मी म्हटलं, बघतो. मनात मात्र उत्तर निघण्याआधीच लिहून ठेवलं होतं, नाही. पेपर न वाचता मार्क देणाऱ्या परीक्षकांना मी आयुष्यभर झापलं, पण कराडात संध्याकाळी संगमावर फिरायला निघालो की चार तरी स्कूटर थांबतात आणि "सर, सोडू का?" विचारतात. हे सोडून परक्या देशात नातीची चप्पल सांभाळत बसायला सांगितलंय कुणी?

बुकित पंजांग

केतकीचा फ्लॅट बुकित पंजांग नावाच्या उपनगरात, अकराव्या मजल्यावर. स्वयंपाकघराशेजारी पोलादी दाराची एक छोटी खोली दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, ते बॉम्ब शेल्टर आहे. युद्ध झालं तर घरातल्यांनी आत जाऊन दार लावायचं, अशी सरकारची सोय. आत पाहिलं तर भाजणीचे डबे, मेतकूट, पापडांची चळत, कुरडया आणि गणपतीची आरास. युद्ध झालंच तर सिंगापुरात निदान एक मराठी कुटुंब थालीपिठावर सहा महिने सहज काढील.

तिसरी खोली केतकीने माझ्यासाठी लावून ठेवली होती. टेबल, उंच पाठीची खुर्ची, वाचायचा दिवा आणि टेबलावर सुमनचा एक लहानसा फोटो. खिडकीतून समोर आपल्यासारखीच इमारत, तेवढेच मजले, तशाच खिडक्या. केतकी दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "छान आहे. तुरुंगाधिकाऱ्याला देतात तशी." ती हसली, पण जरा कमी.

हे माझं जुनं दुखणं आहे. मला एखादी गोष्ट आवडली की तिला नावं ठेवल्याशिवाय राहवत नाही. सुमन माझं बोलणं उलटं करून ऐकायची. आमटी उत्तम झाली की मी विचारायचो, आज पाणी गेलं होतं का, आणि ती मला आणखी एक वाटी वाढायची. चाळीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला.

तिसऱ्या दिवशी मी एकटा बाहेर पडलो. आमच्या भागात एलआरटी नावाची छोटी गाडी चालते, तिला चालक नसतो. मोठ्या स्टेशनावर जाऊन यायचा बेत होता. गाडीत बसलो, खिडकी धरली. इमारती गेल्या, टेकडी गेली, एका गॅलरीत एक टक्कल पडलेले गृहस्थ झाडांना पाणी घालत होते, तेही गेले. थोड्या वेळाने पुन्हा टेकडी आली. मी म्हटलं, या देशात टेकड्यासुद्धा एका मापाच्या दिसतात. मग तेच गृहस्थ पुन्हा पाणी घालताना दिसले, तेव्हा लक्षात आलं की ही गाडी गोल फिरते आणि आपण उतरायच्या ठिकाणी बाहेर बघत बसलो होतो. तिसऱ्या फेरीला त्यांनी मला पाहून हात केला. एवढ्या ओळखीवर मी पुढच्या स्टेशनावर उतरलो आणि चालत घरी आलो.

घरी मी एवढंच सांगितलं की गाडी फार चांगली आहे, कुठेही नेत नाही, पण वेळेवर नेते. माझी नात रेवा आठ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र ती तिथलीच होते. "आजोबा, यू नेव्हर सी द साइन, लाह," असं म्हणून तिने मला स्टेशनांचा नकाशा काढून दिला. शिक्षकाला नकाशा काढून देणारी ही पहिलीच विद्यार्थिनी.

आंग मो किओ

केतकी नेमकं काय काम करते हे मी कराडात कुणाला सांगू शकत नसे. संख्याशास्त्र शिकली, कॉम्प्युटरवर काहीतरी करते, एवढ्यावर भागवत होतो. पहिल्या आठवड्याच्या शेवटी ती मला तिच्या ऑफिसात घेऊन गेली. आंग मो किओच्या औद्योगिक भागात, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांच्या मधोमध एका इमारतीत ते आहे. आणि तिथे बसून माझी मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजांची फुटबॉल खेळणारी पोरं तपासते.

अमेरिकन फुटबॉल हा खेळ नावापुरताच पायाचा. चेंडू लंबगोल आणि तो बहुतेक वेळ हातात. प्रत्येक संघात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. चेंडू त्याच्या हातात आला की त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने पुढे पळणाऱ्या पहिल्या सोबत्याकडे बघायचं, तो अडला असेल तर दुसऱ्याकडे, तोही अडला तर तिसऱ्याकडे, आणि चेंडू सोबती आत्ता आहे तिथे नव्हे, थोड्या वेळाने असेल तिथे फेकायचा. हे चाललेलं असताना समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर येत असतात. त्याच्याच बाजूचे पाच दांडगे त्यांना अडवून धरतात, जमेल तितका वेळ. दहावीच्या मुलाला तीन सेकंदांत प्रमेय सिद्ध करायला सांगावं आणि पर्यवेक्षकाने त्याच्यावर झेप घ्यावी, असा हा प्रकार आहे.

कॉलेजात असे शेकड्यांनी खेळतात. त्यातले मूठभर पुढे व्यावसायिक संघांत जातात. अडचण अशी की कॉलेजात ज्याची मिरवणूक निघते तो व्यावसायिक संघात जाऊन पार झोपतो आणि ज्याला कुणी विचारत नव्हतं तो तिथे राज्य करतो. असं का होतं हे कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि म्हणूनच इतक्या लोकांना नोकऱ्या आहेत. एक अमेरिकन संघ या मुलांच्या सामन्यांची चित्रफीत केतकीच्या कंपनीकडे पाठवतो. सामने हिवाळ्यात संपतात, मार्चमध्ये निकालाचं काम असतं. तिकडची माणसं झोपतात तेव्हा इकडे सकाळ, त्यामुळे प्रशिक्षक उठायच्या आत अहवाल तयार. आपला दूधवाला उठायच्या आत पिशवी अडकवून जातो, तसंच.

केतकीचा साहेब डेस्मंड, चाळिशीचा, अत्यंत नम्र. त्याने मला तपासणीचा तक्ता दाखवला. त्यात पोराची उंची, वजन, पळण्याचा वेग आणि हाताचं माप होतं. पंजा पूर्ण ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. मी म्हटलं, म्हणजे वीत. एवढा पुढारलेला देश, आणि माणूस निवडताना वीत मोजतात. माझ्या आजीने म्हैस घेतानासुद्धा वितीच्या पलीकडे जाऊन दूध काढून बघितलं होतं. केतकीने याचं सौम्य भाषांतर केलं. डेस्मंडने हसत पट्टी आणली आणि माझी वीत मोजली. साडेआठ इंच भरली. "स्मॉल, अंकल," तो म्हणाला, "बट कॅन होल्ड चॉक." मी त्याला तिथल्या तिथे पास केलं.

त्यांच्या दोन पद्धती मला मनापासून आवडल्या, म्हणून मी त्यांच्यावर काहीच बोललो नाही. एक, तपासणाऱ्याला खेळाडूचं नाव सांगत नाहीत, फक्त नंबर. आपल्या बैठक क्रमांकासारखं. दुसरी, चित्रफीत आवाज बंद करून बघायची. डेस्मंडने कारण सांगितलं. निवेदक कौतुक करून कान भरतो, पोरगा चेहऱ्याने रुबाब दाखवतो, आणि दोन्हींचा काही उपयोग नाही. तोंड काय म्हणतंय ते सोडा, पाय कुठे जातात ते बघा. घाबरलेल्याचे पाय मागे सरकतात, मग तो कितीही हसत असला तरी.

जेवणाचं टेबल

केतकीकडे त्या वेळी चौदा नंबर होता. लहानशा कॉलेजचा मुलगा. तिच्या एकटीच्या नावाने जाणारा तो पहिला अहवाल होता, म्हणून ती तो घरी आणून रविवारी सकाळीही बघत बसायची. मी चहा घेऊन शेजारी बसलो आणि दहा मिनिटांत वही मागितली. शैलेशराव रॅफल्स प्लेसच्या बँकेत आठवडाभर आकडे बघतात, त्यामुळे रविवारी आकडा दिसला की ते घराबाहेर पडतात. ते रेवाला घेऊन पोहायला गेले. राहिलो आम्ही दोघं आणि चौदा नंबर.

मी माझ्या पद्धतीने मार्क द्यायला लागलो. चौदा नंबरने सुरेख चेंडू फेकला आणि त्याच्या सोबत्याने तो हातातून सोडला. केतकीच्या यंत्राने शून्य धरलं. मी पाचपैकी चार दिले. उत्तर चुकलं असेल, पायऱ्या बरोबर आहेत. उलट एकदा त्याने डोळे मिटल्यासारखा चेंडू भिरकावला आणि तो नेमका सोबत्याच्या छातीवर जाऊन आदळला, टाळ्या पडल्या. मी एक मार्क दिला. शेजारच्याचं बघून लिहिलेलं उत्तर मला बोर्डात लांबून ओळखू यायचं. केतकी आधी हसली, मग वही ओढून घेतली आणि म्हणाली की माझे मार्क तिला वापरता येणार नाहीत, पण यातले अकरा चेंडू ती पुन्हा बघणार आहे. माझ्या मुलीने माझं काही ऐकून पुन्हा तपासलं, असं याआधी कधी झाल्याचं मला आठवत नाही.

दोन रविवार आणि मधल्या बऱ्याच संध्याकाळी आम्ही असे बसलो. चौदा नंबर मला आवडायला लागला होता. पडला की उठताना आपल्या पाचही दांडग्यांच्या पाठीवर थाप मारायचा. तो काय बोलायचा ते आवाज बंद असल्यामुळे कळायचं नाही, पण ते सगळे हसायचे. मी म्हटलं, याला घ्या. केतकीने मान हलवली.

"बाबा, तो त्याच्या गावात राजा आहे," ती म्हणाली. "ही पाच पोरं तीन वर्षं तीच आहेत. वळून न बघता त्याला कळतं कोण कुठे आहे. उद्या सगळी माणसं नवी, सगळे डावपेच नवे, समोरचे दुप्पट वेगाने येणारे. तिथे तो हरवेल. आणि इथे इतका सुखात असताना त्याला तिथे नेऊन हरवायचं कशाला?"

मला हे उगाच झोंबलं. ती चौदा नंबरबद्दल बोलत होती हे कळत असूनही झोंबलं. मी म्हटलं, तुमची परीक्षाच चुकीची आहे, आणि चहा थंड झाल्याचं निमित्त करून उठलो.

त्या दुपारी आम्ही सगळे हॉकर सेंटरला जेवायला गेलो. ती जागा म्हणजे एका छपराखाली पन्नास खानावळी आणि मधे टेबलं. मला शाकाहारी लागतं म्हणून केतकीने एका शाकाहारी गाळ्यावरून शेवया आणल्या. त्यावर मटणाचे तुकडे होते. ते सोयाबीनचे आहेत असं तिने दोनदा सांगितलं. रेषा, चरबी, सगळं इतकं हुबेहूब होतं की घास तोंडाजवळ जाईना. आमच्याकडे मटण खाऊन घरी भाजी खाल्ली म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत, पण भाजी खाऊन मटण खाल्ल्यासारखं दाखवणारे मी इथेच पाहिले. हे मी मोठ्याने बोललो आणि नंतर ताट चाटूनपुसून संपवलं. माझं बोलणं केतकीने ऐकलं. ताट मी स्वतःच उचलून परत ठेवायला गेलो, तसा तिथला नियमच आहे, त्यामुळे ते तिने पाहिलं नाही.

व्हॉइड डेक

सिंगापूरच्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. खांब, दगडी टेबलं, वारा. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. आमच्या इमारतीखाली सकाळी आठ वाजता चार-पाच म्हातारे चिनी बुद्धिबळ मांडून बसत. पहिले काही दिवस मी लांबून बघितलं. मग अंकल लिम नावाच्या गृहस्थांनी स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. ते माझ्याहून वयाने बरेच मोठे, पूर्वी गोदीत कामाला होते, हे मला हातवाऱ्यांवरून कळलं. त्यांना इंग्रजीचे शंभरेक शब्द येत असतील, मला चिनी शून्य.

त्या पटावर सोंगट्या नसतात, गोल चकत्या असतात आणि त्यांवर चिनी अक्षरं. हत्ती कुठला आणि घोडा कुठला हे ओळखायला मला सहा दिवस लागले. पटाच्या मध्ये नदी असते आणि हत्तीला ती ओलांडता येत नाही. मी तीनदा हत्ती नदीपलीकडे नेला, अंकल लिमनी तीनदा न बोलता उचलून अलीकडे ठेवला. दहाव्या दिवशी मी एक डाव जिंकलो. त्यांनी जिंकू दिला, हे मला माहीत आहे. काठावरच्या पोराला मीही अधूनमधून एखादा मार्क सोडलेला आहे.

रोज सकाळी ते मला एकच विचारायचे, "ईट ऑलरेडी?" आपल्याकडे "जेवलात का?" विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत, तसंच. फरक इतकाच की मी नाही म्हटलं तर अंकल लिम खरंच उठून कोपऱ्यावरच्या गाळ्यातून माझ्यासाठी बिनदुधाची कॉफी आणायचे.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी मी सात वाजता उठलो, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि लिफ्टची वाट बघत उभा असताना माझ्या ध्यानात आलं की सुमन गेल्यानंतर प्रथमच मला सकाळी उठून कुठेतरी जायचं होतं. खाली कुणी माझी वाट बघत होतं. संध्याकाळी रेवा अपूर्णांक घेऊन येणार होती आणि शाळेत शिकवतात ती पद्धत माझ्या पद्धतीपेक्षा बरी कशी, यावर भांडणार होती. मग केतकी लॅपटॉप उघडून वही माझ्याकडे सरकवणार होती. लिफ्ट आली आणि गेली, मी तिथेच उभा. कराडला माझी वाट कोण बघतं? स्कूटरवाले सोडू का विचारतात, पण सोडतात ते रिकाम्या घरीच.

उत्तर बदललं होतं. मला राहायचं होतं.

आता ते सांगायचं कसं, हा प्रश्न होता, आणि इथे आमच्या घराची एक रीत सांगणं भाग आहे. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाहीत. वाढणारा भाताची मूद घेऊन आला की ताटावर आडवा हात धरायचा आणि नको म्हणायचं. त्याने म्हणायचं, घ्या हो. पुन्हा नको. त्याने म्हणायचं, एवढा तरी. मग नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं आणि सगळा संपवायचा. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरट आणि पहिल्याच नकाराला परत जाणारा वाढपी कंजूष. मी याच रीतीने नोकरी घेतली, याच रीतीने हेडमास्तर झालो, आणि सुमनच्या घरी स्थळ म्हणून गेलो तेव्हा चहासुद्धा तिसऱ्या आग्रहाला घेतला.

त्या मंगळवारी जेवताना केतकीने विषय काढला. तिच्या हातात भातवाढीच होती. "मग बाबा, काय ठरवलंत? राहायचं ना?"

मी म्हटलं, "छे, मी कशाला तुमच्यात? म्हातारा माणूस, अडगळ."

"बरं," ती म्हणाली आणि रेवाला भात वाढला.

मी वाट बघितली. जेवण होईपर्यंत बघितली, बुधवारी बघितली, गुरुवारी बघितली. शैलेशरावही काही बोलेनात. मी मनाशी म्हटलं, निघायच्या आधीच्या रविवारी सगळे मिळून धरतील. त्यासाठी वाक्यही तयार होतं, आता एवढं म्हणताच आहात तर. भीड ही भिकेची बहीण, असं मी वर्गात पस्तीस वर्षं पोरांना सांगत आलो, ती शिकवणी फक्त पोरांसाठी होती.

पुन्हा बुकित पंजांग

शनिवारी केतकीने चौदा नंबरचा अहवाल पाठवला. मला वाचून दाखवला. हात चांगला, नजर चांगली, स्वभाव उत्तम. पण ओळखीची माणसं आणि ओळखीचं मैदान काढून घेतलं तर टिकेल याचा पुरावा नाही. शिफारस, घेऊ नये. मी म्हटलं, त्या पोराला एकदा विचारलं असतं तर? ती म्हणाली की त्याला विचारून काही उपयोग नाही, तो हो म्हणणारच.

मग तिने लॅपटॉप मिटला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, घराचं सांगायचं होतं. तुम्ही मंगळवारी नाही म्हणालात ना, मी दुसऱ्याच दिवशी घरमालकाला कळवलं. दोन स्टेशनं पलीकडे दोन खोल्यांचं घर मिळालंय. पुढच्या महिन्यात जाऊ."

मी टेबलावरची वही मिटून बाजूला ठेवली.

"मी जोर केला नाही," ती म्हणाली. "शैलेश म्हणत होता, परत एकदा विचार. मीच नको म्हटलं. तुम्हाला पुन्हा पुन्हा नाही म्हणायला लागू नये. तीन आठवडे बघतेय ना मी. खोली तुरुंगासारखी, गाडी कुठे नेत नाही, जेवण सोंग आणलेलं. तिकडे तुम्हाला सगळे सर म्हणतात. मी तुम्हाला इथे आणून कशाला हरवू?"

आवाज बंद करून बघायचं हे जिचं काम, तिने नेमका माझा आवाज ऐकला होता. रोज आठ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून खाली जाणारे पाय तिला दिसायचं कारण नव्हतं. त्या वेळेला ती ऑफिसच्या बसमध्ये असायची. आणि दोष तिचा कसा म्हणू? उलटं ऐकायची विद्या सुमनबरोबर गेली, मुलीला ती शिकवायची राहून गेली. नऊ वर्षं ज्या देशात कुणी म्हटलं नको तर त्याला खरंच नको असतं, तिथे राहून ती सरळ ऐकायला शिकली होती. माझ्या सोयीसाठी, माझ्या मायेपोटी, तिने मला नापास केलं होतं.

खरं सांगायची वेळ तीच होती. तोंड उघडलंही होतं. पण तिच्याकडे बघितलं. नव्या घराचा करार झालेला, डोळे भरलेले. मला सांगायला ती चार दिवस घाबरत होती, हे स्पष्ट दिसत होतं.

"बरं केलंस," मी म्हटलं.

ती रडायला लागली. सुटल्यासारखी रडली. मी म्हटलं, रडतेस काय, काटा आण, बॅगेचं वजन बघू.

सोमवारी सकाळी मी खाली गेलो. अंकल लिमना विमानाची खूण करून दाखवली. त्यांनी पटाकडे बोट दाखवून विचारलं, "कम बॅक?" मी हसलो आणि खांदे उडवले. तो डाव त्यांनी मला जिंकू दिला नाही.

कराड

येऊन दोन महिने झाले. संगमावर सगळ्यांनी विचारलं, सर, कसं आहे सिंगापूर? मी दंड सांगितले. लोकांना तेच हवे असतात. घरात आलो की मी दिवा लावतो आणि टीव्हीचा आवाज मोठा करतो.

गेल्या आठवड्यात केतकीने फोनवर चौदा नंबरची बातमी दिली. निवडीच्या दिवशी त्याला कुणीच घेतलं नाही. तिचा अहवाल बरोबर ठरला होता, तरी ती खूश वाटली नाही. मग म्हणाली की दुसऱ्या दिवसापासून त्या पोराने स्वतः एकेका संघाला फोन करायला सुरुवात केली. मला एकदा बघा, एवढंच सांगायचा. शेवटी एका संघाने त्याला उन्हाळ्यातल्या सरावाला बोलावलं. टिकेल न टिकेल. मी विचारलं, त्याने स्वतःच फोन केला? लाज नाही वाटली? केतकी म्हणाली, "त्यात काय लाज, बाबा? त्याला खेळायचंय."

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णन मागितलं, तेव्हा मी रीतीप्रमाणे दोनदा नाही म्हणालो आणि त्यांनी रीतीप्रमाणे तिसऱ्यांदा विचारलं. संघात सगळे माझ्याच वयाचे आहेत, त्यांना हे कळतं. अंक छापला की एक प्रत सिंगापूरला जाते आणि केतकी माझं अक्षर न् अक्षर वाचते. तेव्हा उरलेल्या वाचकांनी क्षमा करावी, शेवटच्या चार ओळी त्यांच्यासाठी नाहीत.

केतकी, खोली छान होती. मला राहायचं होतं, अजूनही आहे, आणि या वेळी तू विचारायच्या आधीच सांगतो आहे. नव्या घरात दोनच खोल्या आहेत हे मला माहीत आहे. रेवाच्या खोलीत खाली एक गादी मावेल असा माझा अंदाज आहे. मी घोरतो, एवढं तिला आधी सांगून ठेव.